पिवळ्या फेजवरचा सूर्य

मोरोपंतांच्या वाटणीपत्रातलं कलम सातवं: ‘घरांत विजेचे तीन फेज आहेत. पैकीं तांबडा चिरंजीव मल्हार यांजकडे, पिवळा चिरंजीव तात्या यांजकडे व निळा चिरंजीव दत्ताजी यांजकडे राहील. मीटर एकच राहील. बिल तिघांनीं समसमान भरावें. एकानें दुसऱ्याच्या कटआउटास हात लावूं नये.’

*

इंदूर-देवास रस्त्यावर टोल नाका झाला. येणाऱ्याचीही पावती फाटते, जाणाऱ्याचीही.

*

भवानीबाईंची मांजर हिवाळ्यात दोन घरांच्या दोन चुली सोडून दत्ताजींच्या बंद न्हाणीघराच्या भिंतीला पाठ लावून बसते.

*

गंधवानीकडच्या डोंगरात टेलिफोनच्या खांबांवर उन्हावर चालणारी पॅनेलं होती. पुढे तिथे दुसरी सोय झाली आणि पॅनेलं कबाड्याकडे आली.

*

१९९७ साली देवासच्या एका कारखान्यात एक जर्मन इंजिनीअर प्रयोगासाठी इन्व्हर्टर घेऊन आला. तिसऱ्या दिवशी त्याला पोहे-जिलबी बाधली. जर्मन गेला, इन्व्हर्टर राहिला.

*

१९९९ च्या दिवाळीत पहिली आंघोळ करून दत्ताजी सहकुटुंब सकाळी सातच्या बसने धारला गेले, ते तिथलेच झाले.

*

ह्या सहा गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, हे कुणीही सांगेल. तात्या तर २००४ च्या मार्चपर्यंत छातीवर हात ठेवून सांगत होते.

तात्या म्हणजे मोरोपंतांचे मधले चिरंजीव. देवासच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं विजेच्या खात्यात काढून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले. बोटात अजून करंट असल्यासारखे चालत. थोरले मल्हारराव बँकेतून निवृत्त झालेले. ते चालत नसत, बसत. धाकटे दत्ताजी धारला नोकरीला. मोरोपंतांनी कॉलनीत एक लांबट घर बांधलं आणि जाण्यापूर्वी त्याचे डब्याच्या पुडांसारखे तीन भाग केले. भिंती वाटल्या, पाण्याची टाकी वाटली, अंगणातला पेरूही फांदी-फांदीने वाटला. वीज वाटायची वेळ आली तेव्हा त्यांनी डोकं चालवलं. तीन फेज, तीन मुलगे! देवाने जणू मुलगे बघूनच वीज निर्माण केली होती.

फक्त मीटर त्यांनी वाटलं नाही. का वाटलं नाही, ते त्यांनी लिहिलं नाही.

त्या काळी आमच्या माळव्यात तिन्ही फेज एकदम असणं म्हणजे तिन्ही जावा एकदम हसणं. क्वचित घडे, आणि घडलं की माणूस घाबरून बघे. बहुतेक वेळा एखादा फेज गेलेला असे. मग ज्याचा फेज गेला त्याची बायको ज्याचा आहे त्याच्या दारात उभी राही.

“जाऊबाई, जरा फेज देता का? डाळ वाटायची राहिलीय.”

“घ्या की! पण मागच्या गुरुवारी आमचा तांबडा गेला तेव्हा तुमच्याकडे पाहुणे होते म्हणालात.”

“होते हो!”

“मी कुठे नव्हते म्हणतेय?”

असं बोलणं झालं की भिंतीवरून वायर येई. डाळ वाटली की वायर परत जाई. वाटलेल्या डाळीतली वाटीभर तिच्याबरोबर जाई. उसना फेज तसाच परत करायची ह्या घराण्यात पद्धत नव्हती.

आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी बिल. मल्हाररावांच्या बैठकीत तिघे भाऊ बसत. मल्हाररावांच्या भवानीबाई पोहे करत. वर शेव, वर जीरावण मसाला, वर कांदा. दत्ताजी धारहून बसने येत. हंगाम असला तर पिशवीतून बालम काकडी आणत. मल्हारराव चष्मा लावून आकडा मोठ्याने वाचत, तात्या लिफाफ्याच्या पाठीवर तीनने भागत, बाकी उरलेला एक किंवा दोन रुपये मांजरीच्या दुधाला जात. दत्ताजी मग आपल्या भागाकडे जात, दाराचं कुलूप हलवून बघत आणि दुपारची बस धरून परत जात. कुलूप ते उघडत नसत. उघडलं की झाडावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

२००३ च्या ऑक्टोबरातल्या रविवारी आकडा वाचल्यावर मल्हाररावांनी चष्मा काढला नाही. गादीखालून एक कागद काढला.

“तीन मीटरं घेऊ. फॉर्म आणलाय. माझी सही झालीय.”

“मीही करतो,” दत्ताजी म्हणाले. “दादा, भिया, राग मानू नका, पण मी चार वर्षं बंद घराचं बिल भरतोय. कुलपाला पंखा लागतो का?”

त्यांनी सही केली. कागद तात्यांपुढे आला.

तात्यांनी कागद पाहिला, पोह्यांची बशी पाहिली, दत्ताजींची पिशवी पाहिली. बिल वेगळं झालं की हा माणूस देवासला कशाला येणार? भाच्या-पुतण्यांच्या लग्नाला येईल, तिथेही मागच्या रांगेत बसेल. पण असलं काही बोलायची ह्या घराण्यात पद्धत नव्हती. म्हणून तात्या म्हणाले:

“बिल निम्मं करून दाखवतो!”

“कसं?”

“सूर्यावर!”

मल्हाररावांनी वर पाहिलं. वर पंखा होता, आणि तांबडा फेज गेल्यामुळे तो बंद होता.

“सूर्य लागला की दोन बिलं थांबा,” तात्या म्हणाले. “दोन्ही बिलं निम्मी आली नाहीत, तर डोळे मिटून सही करतो. तीन मीटरं लावा, तीस लावा!”

*

पुढच्या आठ दिवसांत तात्यांनी कारखान्याच्या भंगाराच्या लिलावातून जर्मनाचा इन्व्हर्टर आणला. गंधवानीच्या कबाड्याकडून सोळा पॅनेलं आणली. त्यांतल्या तीनवर माकडांनी दगड मारल्याच्या खुणा होत्या. तात्या म्हणाले, खुणांना ऊन लागत नाही असं कुठे लिहिलंय? पॅनेलं गच्चीवर चढली. भवानीबाईंचे पापड खाली उतरले.

“भाऊजी, पापड कुठे वाळवू?”

“वहिनी, महिनाभर थांबा, घरोघर पापडाचं मशीन घेऊ!”

“मशीन वाळवतं?”

तात्या वायर मोजू लागले. ह्याचं उत्तर भवानीबाईंनी स्वतःच शोधलं. मांजरीला उठवून त्या बंद न्हाणीघराच्या भिंतीला खाट लावून पापड घालू लागल्या. दोन दिवसांचे पापड तिथे एका दिवसात वाळत. वास्तुशास्त्र, असं त्या म्हणत.

वायर जोडायला भेरूलाल आला. भेरूलाल गल्लीतलं मीटरचं रीडिंग घेई, उडालेले फ्यूज जोडी आणि फावल्या वेळात विजेचं तत्त्वज्ञान सांगे. इन्व्हर्टर एका फेजचाच होता. तात्यांनी तो अर्थातच आपल्या पिवळ्यावर लावायला सांगितला. भेरूलालने लावला आणि हात पुसत म्हणाला:

“तात्यासाब, एक वात कऊं? सूरज आप पीले पे चढ़ाओगे, पण मीटर तो तीनों को जोड़ के देखे हे. आपको बचेगो वो लाल वाळा खाएगा. मीटर के कई मालम, सूरज किण को हे!”

“खाऊ दे,” तात्या उदारपणे म्हणाले. “भाऊच आहे.”

हे वाक्य त्यांना पुढे फार महागात पडलं. पण आधी दुसरंच घडलं.

उद्घाटन नोव्हेंबरच्या सुरुवातीला, संध्याकाळी चारला ठेवलं होतं. शेजारपाजारची दहाबारा माणसं गच्चीवर. तात्यांच्या प्रेमलाबाईंनी इन्व्हर्टरला हळदकुंकू लावलं. तात्यांनी खटका दाबला, हिरवा दिवा लागला, टाळ्या वाजल्या आणि कॉलनीची लाइट गेली.

“घाबरू नका!” तात्या ओरडले. “आता बघा! सगळं देवास अंधारात आणि आमच्याकडे—”

हिरवा दिवा विझला.

“काय झालं हो?” प्रेमलाबाई म्हणाल्या.

“तो... ग्रिड गेलं की हा थांबतो. तसंच बनवलंय. खांबावर माणूस काम करत असला तर त्याला झटका बसू नये म्हणून.”

“म्हणजे लाइट असली की हा लाइट देणार आणि लाइट गेली की जाणार?”

“हो.”

“मग लाइट आणि ह्याच्यात फरक काय?”

शेजारी पांगले. एक जण उतरता उतरता म्हणाला, “तात्याजी का सूरज भी बिजली ऑफिस से आता है क्या?” जिना उतरून गेल्यावरही हसणं बराच वेळ वर येत राहिलं.

*

पण दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता मीटरची चकती उलटी फिरली.

जुनं मीटर होतं ते, काचेच्या आत ॲल्युमिनियमची चकती आणि तिच्यावर काळी खूण. अठ्ठावीस वर्षं विजेत काढलेल्या तात्यांनाही चकती उलटी फिरताना कधी दिसली नव्हती. ती थांबली, अडखळली, आणि माहेरी निघालेल्या सुनेसारखी उलट्या दिशेने झपझप चालू लागली. तात्यांनी घरभर हाका मारल्या. मल्हारराव आले. ते स्वतःहून उठून चालत आले, ही गोष्ट घरात पुढे दोन दिवस बोलली गेली.

“म्हणजे आता आपण बोर्डाला वीज देतोय?”

“देतोय! आणि घेतलेली परत जातेय! युनिटं कमी होतायत, दादा!”

मल्हाररावांनी शांतपणे खिशातून रुमाल काढून मीटरची काच पुसली. मग घरात जाऊन भवानीबाईंना म्हणाले, “अगं, एक ते तीन जे काय दळायचं, वाटायचं, इस्त्री करायचं ते करून घे. तात्याचा सूर्य चालू आहे.”

त्या दिवसापासून तांबड्या फेजवर दुपारी घरघंटी घरघरू लागली. भवानीबाईंनी आधी गहू दळले, मग हरभरे, मग मका. मग शेजारणींचे गहू दळले. इस्त्री झालेल्या चादरींना परत इस्त्री झाली. मल्हाररावांचं पायपुसणंसुद्धा कडक घडीचं! तात्या स्टूल घेऊन मीटरखाली बसत आणि उलटी चकती मंद होताना बघत. भाऊच आहे, असं ते अधूनमधून स्वतःशी म्हणत. पण दर वेळी जरा कमी जोरात.

तरीही चकती बहुतेक दुपार उलटीच असे. फक्त एक चमत्कारिक गोष्ट होई. मध्येच, काही कारण नसताना, ती गपकन थांबे आणि सुलट्या दिशेने, मागे कुत्रं लागल्यासारखी, सुसाट पळे. पाच-सहा मिनिटं. मग परत उलटी.

तात्यांनी वही केली.

‘१२ नोव्हें. दु. १.१० ते १.१६ सुलटी. वेग भयंकर. घरघंटी बंद होती (स्वतः ऐकले).’

‘१२ नोव्हें. दु. ३.०५ ते ३.१०. पुन्हा. वहिनी गच्चीच्या जिन्यात. हातात काही नव्हते. पण संशय.’

‘१३ नोव्हें. दु. १२.४०. पुन्हा!! दोन हजार वॅटच्या खाली हे शक्य नाही. दादाकडे गुप्त हीटर?’

तिसऱ्या दिवशी वही घेऊन ते थेट मल्हाररावांच्या बैठकीत गेले.

“दादा, स्पष्ट विचारतो. तुझ्याकडे काही मोठं लागतं का? शेगडी? हीटर?”

“तात्या, तू मला चोर म्हणतोस?”

“मी वॅट म्हणतोय!”

“भाऊजी,” आतून भवानीबाई आल्या, हात कणकेचे. “सव्वाएक वाजता मी देवापुढे वाती वळत होते. वात वळायला किती वॅट लागतात ते लिहा तुमच्या वहीत!”

मल्हारराव उठले. महिन्यात दुसऱ्यांदा! ते आपल्या कटआउटकडे गेले, फ्यूजचा चिनी मातीचा तुकडा ओढून काढला आणि बंडीच्या खिशात टाकला.

“झालं? तांबडा बंद. आता बघ चोर कोण.”

दोघे भाऊ मीटरखाली दोन स्टुलांवर बसले. मल्हाररावांकडे पंखा नाही, दिवा नाही, काही नाही. चकती उलटी, वेगात, तात्यांच्या मनासारखी. एक तास गेला. दीड गेला. मल्हारराव पेंगले. आणि तीन वाजून दोन मिनिटांनी चकती थांबली, वळली आणि सुसाट सुटली.

मल्हाररावांनी खिसा चाचपला. फ्यूज खिशातच होता.

“तांबडा माझ्या खिशात आहे,” ते सावकाश म्हणाले. “निळ्याला कुलूप आहे. राहिला कोण?”

तात्यांनी पिवळ्याकडे, म्हणजे आपल्याच घराकडे पाहिलं. आत प्रेमलाबाई होत्या.

आता इथे कुणीही म्हणेल की निळ्याचा कटआउट काढून बघायचा. पण तो दत्ताजींच्या व्हरांड्याच्या जाळीआड होता, आणि मुख्य म्हणजे कलम सातवं होतं. मोरोपंत जाऊन अकरा वर्षं झाली होती. ह्या घरात अजून कुणी दुसऱ्याच्या कटआउटला बोट लावलं नव्हतं. आणि बंद घर वीज खातं असा संशय घेणं म्हणजे उपाशी माणसाला ढेकर विचारणं!

तेव्हा तात्यांनी ती चूक केली जी अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवी माणसालाच सुचते. ते घरात गेले आणि म्हणाले:

“अगं, खरं सांग, तीनला काय लावलं होतंस?”

प्रेमलाबाई उठल्या. त्यांनी मिक्सर कपाटात ठेवला आणि पाटा-वरवंटा काढला. इस्त्री ट्रंकेत घातली. टीव्हीवर रुमाल टाकला. पुढचे वीस दिवस घरात फक्त वरवंटा बोलला. तात्या दिवसभर मीटरखाली बसत. घरात बसायची सोय राहिली नव्हती.

*

पहिलं बिल आलं. नेहमी दोनशे पन्नासच्या आसपास युनिटं असत. आली शहाण्णव.

निम्म्याहूनही कमी! तात्यांनी बिल देवापुढे ठेवलं, मग मल्हाररावांपुढे, मग गल्लीत चहाच्या टपरीवर. डिसेंबरच्या रविवारी दत्ताजींनी बालम काकडीचा हंगाम नव्हता म्हणून पेढे आणले. पोह्यांवर शेव दुप्पट. प्रेमलाबाईंनी रुमाल काढून टीव्ही लावला. वरवंटा मात्र दाराशीच राहिला, दिसेल असा.

“एक बिल राहिलंय,” मल्हारराव म्हणाले.

“एक काय, शंभर आण!”

त्याच आठवड्यात भेरूलाल रीडिंगला आला. नेमका दुपारी एकला. त्याने आकडा लिहिला, शेवटी सात. खात्री करायला परत वर पाहिलं, तर सहा. खोडून सहा लिहिलं. परत पाहिलं.

“तात्यासाब! यो तो उल्टो चली रियो हे!”

“तूच तर जोडलंस!”

“मैंने सूरज जोड्यो थो, भिया, मीटर उल्टो नी कर्यो थो. म्हारी नोकरी को सवाल हे. मैं तो लिखूंगा: मीटर खराब.”

दहा दिवसांत नवीन मीटर आलं. इलेक्ट्रॉनिक. चकती नाही, काटा नाही, हिरवट आकडे आणि डोळे मिचकावणारा एक लाल दिवा. तात्या खूश. एवढ्या जुन्या डब्याने शहाण्णव दाखवले, तर हे किती अचूक दाखवेल! ह्याच भरवशावर त्यांनी गच्चीवरची पॅनेलं ओल्या फडक्याने रोज दोनदा पुसली.

दुसरं बिल आलं. तीनशे एकाहत्तर.

तात्यांनी ते उलटं धरून वाचलं. उलटंही बरं दिसेना. शेवटी त्यांनी भेरूलालला भर दुपारी सायकलवरून ओढत आणलं. भेरूलाल मीटरसमोर उभा राहिला. लाल दिवा झपाझप मिचकावत होता.

“सूरज बंद करो.”

तात्यांनी खटका पाडला. दिवा मंदावला.

“चालू करो.”

दिवा पुन्हा झपाझप.

भेरूलालने टोपी काढून डोकं खाजवलं. “पुराणो मीटर भोळो थो, तात्यासाब. आयो तो जोड्यो, गयो तो घटायो. यो नवो वाळो टोल नाको हे. आप इंदौर से आओ के इंदौर जाओ, पर्ची तो कटेगी! इण ने चोरी पकड़वा वास्ते बणायो हे, के कोई उल्टो मीटर नी चला सके.”

“म्हणजे मी जेवढा सूर्य बोर्डाला दिला—”

“उतरो बिल आपने भर्यो.”

“आणि जेवढी पॅनेलं पुसली—”

“उतरो ज्यादा.”

तात्या स्टुलावर बसले. मीटर बदलल्यावर स्टुलाची गरज राहिली नव्हती. सवयीने ते तिथेच होतं.

*

जानेवारीच्या रविवारी मल्हाररावांनी गादीखालून फॉर्म काढला. तात्यांपुढे ठेवला. भवानीबाई पोह्यांत मीठ घालायला विसरल्या की त्यांनी मुद्दाम टाळलं, ते कळलं नाही. दत्ताजी म्हणाले, “तात्या, जाऊ दे. प्रयोग तर झाला.” तात्यांनी जर्मनासारखा चेहरा करून सही केली. पेन चालेना, मग मल्हाररावांनी आपलं दिलं.

बाकी दोन रुपये उरले. मांजरीच्या नावाने ठेवले.

बिजली ऑफिसात जो कागद सहा महिने हलत नाही, तो ह्या वेळी आठ दिवसांत हलला. भिंतीवर तीन नवीन मीटरं लागली, शेजारी शेजारी, भांडलेल्या पोरांना कोपऱ्यात उभं करावं तशी. तात्यांनी इन्व्हर्टर उतरवून ट्रंकेत ठेवला, इस्त्रीच्या शेजारी. पॅनेलांवर भवानीबाईंनी कुरडया घातल्या. वाळल्या छान.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मल्हाररावांनी बैठकीत गादी झटकली. भवानीबाईंनी पोहे भिजवले, मग निथळून परत डब्यात भरता येत नाहीत म्हणून चिवड्याला वाळत घातले. तात्या दोनदा बस स्टँडकडे चालून आले. भाजी आणायला गेलो होतो, म्हणाले. भाजी आणली नव्हती.

कुणी आलं नाही.

मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊला दार वाजलं. दत्ताजी! पिशवी नव्हती. हातात बिल होतं, नव्या मीटरचं, टपालाने धारला गेलेलं.

“दादा! तात्या! बाहेर या! माझा फेज कोण वापरतंय?”

“काय झालं?”

“एकसष्ट युनिट! बंद घराचं! चार वर्षं मी गप्प बसलो, म्हटलं भाऊ आहेत. पण आता माझं मीटर वेगळं आहे! भिंतीवरून वायर टाकलीय का कुणी? वहिनी, घरघंटी कुठून चालते?”

“तांबड्यावरूनच!” भवानीबाई कडाडल्या. “आणि पीठ तुमच्या जमुनाबाईंनीपण नेलंय!”

तात्यांनी दत्ताजींच्या हातून बिल घेतलं. एकसष्ट. त्यांच्या डोक्यात वहीतली पानं आपोआप उलटू लागली. पाच-सहा मिनिटं. दोन हजार वॅट. दर दोन तासांनी. मांजर. पापड.

“किल्ली आण,” ते म्हणाले.

“धारला आहे. किल्ली कशाला?”

“मग कुलूप तोड. तूच तोड, तुझं आहे. कलम सातवं.”

दत्ताजींनी बत्त्याने कुलूप तोडलं. दार उघडलं. साडेचार वर्षांची धूळ, कॅलेंडरवर १९९९ चा नोव्हेंबर, कोनाड्यात वाळलेलं उटणं. सगळे न्हाणीघराशी आले. आत काळोख होता, आणि काळोखात भिंतीवर, शेंगदाण्याएवढा, एक नारिंगी दिवा शांतपणे पेटलेला होता.

गीझर!

तात्यांनी खाली बादली ठेवून नळ सोडला. आधी तांबडं पाणी, मग स्वच्छ, मग वाफ. भवानीबाईंनी बोट घातलं आणि झटकन काढलं.

“अगंबाई! कढत!”

प्रेमलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आत पाहिलं, मग तात्यांकडे पाहिलं. वीस दिवसांच्या वरवंट्याचा हिशेब त्या एका नजरेत होता.

“कुणी ठेवला चालू?” मल्हाररावांनी विचारलं.

“आम्ही नाही!” दत्ताजी म्हणाले. “दादा, शप्पथ! आम्ही घाईत होतो खरे, पण जमुना सगळे खटके मोजून बंद करते. देवाचा दिवासुद्धा विचारून ठेवते.”

“मग आपोआप लागला?”

“मी काय सांगू! तुम्हीच सांगा, तात्या, तुम्हाला विजेतलं कळतं!”

सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्या खाली वाकून बादलीचं पाणी बघत होते. पाणी छान तापलं होतं. त्यांना एकदम चपलेचा पट्टा नीट करावासा वाटला.

“जुनं वायरिंग,” ते चपलेला म्हणाले. “होतं असं कधी कधी.”

मल्हाररावांनी जरा वेळ त्यांच्या पाठीकडे पाहिलं. मग म्हणाले, “पुढच्या रविवारी तिघांची बिलं घेऊन बसू. ह्या एकसष्टाचं काय करायचं ते ठरवायला हवं. चार वर्षांचं मागचंही आहे. एका बैठकीत व्हायचं नाही.”

“दोन-तीन तरी लागतील,” दत्ताजी म्हणाले.

“वर्षही लागेल,” तात्या चटकन म्हणाले.

भवानीबाई पोहे भिजवायला गेल्या. पाणी तापलेलंच आहे तर वाया का घालवा म्हणून दत्ताजींनी आंघोळ करून घेतली.

१९९९ सालच्या नरकचतुर्दशीला पहाटे पिवळा फेज गेला होता. दत्ताजींची मंडळी बससाठी निघाल्यावर तात्यांनी त्यांच्या न्हाणीघरात आंघोळ केली, कुलूप लावलं आणि धावत जाऊन किल्ली बसच्या खिडकीतून जमुनाबाईंच्या हातात दिली.